नखांचे बाराशे आणि नवऱ्याला सांगितलेले चारशे

मावशी, सा. न.

मी ४१ वर्षांची, कारेलीबागेत राहते, एका खासगी शाळेत शिकवते. पगार २८,००० रुपये. त्यातले १५,००० घरात देते, ५,००० आरडीत जातात. दोन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाला सगळ्यांबरोबर ओल्ड पादरा रोडवरच्या एका नेल स्टुडिओत गेले आणि पहिल्यांदा एक्स्टेन्शन, म्हणजे नखांवर कृत्रिम लांब नखं, लावून आले. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी जाते. रिफिलचे, म्हणजे नख वाढून मुळाशी पडलेली फट भरण्याचे, ९००, वर नेल आर्टचे ३००. सहा महिन्यांनी सगळं काढून नवा सेट, त्याचे १,८००. दीड तास दोन्ही हात त्या मुलीच्या ताब्यात असतात, फोनसुद्धा उचलता येत नाही. मला ते फार आवडतं.

सासूबाई म्हणतात, ‘तेवढ्याचं सोनं केलं असतं तर उरलं असतं, ही नखं कचऱ्यात जाणार.’ यंदा गणपतीत मोदक करताना त्यांनी मला सरळ ओट्यापासून उठवलं. नवरा भांडत नाही, पण एकदा म्हणाला, ‘एवढ्यात पोरीच्या क्लासची फी निघते.’ त्याने स्वतः हप्त्यांवर फोन घेतला तेव्हा कोणी काही बोललं नव्हतं. तर तेव्हापासून मी त्याला दर वेळी ४०० झाले म्हणून सांगते. आता आठवीतली मुलगी म्हणते, नवरात्रात मलाही एक्स्टेन्शन हवीत. ती बहुतेक वेळा माझ्याबरोबरच येते. स्टुडिओवाले दहा रिफिलचं पॅकेज ७,५०० ला घ्या म्हणून मागे लागलेत. हा उधळेपणा आहे का? नखांना काही अपाय होतो का? आणि मुलीला काय सांगू?

– एक बडोदेकर

चि. बडोदेकर,

आधी हिशेब मांडू, कारण तो तू अजून केलेला दिसत नाहीस. तीन आठवड्यांनी एकदा म्हणजे वर्षाला साधारण १७ फेऱ्या. त्यात दोन नवे सेट, ३,६००. पंधरा रिफिल, १३,५००. दर वेळी नेल आर्ट धरलं तर ५,१००. एकूण २२,२०० रुपये. महिन्याला १,८५०. घरात दिल्यावर आणि आरडी भरल्यावर तुझ्या हातात ८,००० राहतात, त्यातले हे. कर्ज नाही, क्रेडिट कार्डावर नाही, मुलीच्या फीला हात लावलेला नाही. याला मी उधळेपणा म्हणणार नाही. २२,२०० हा आकडा ऐकून तुझ्या पोटात गोळा आला असेल तर तो वेगळा मुद्दा, आणि तो तुझा तूच सोडवायचा. काही बायका हा आकडा ऐकून दुसऱ्या दिवशी बंद करतात, काहींना वाटतं, एवढंच ना? दोघीही बरोबर.

आता नवऱ्याला सांगितलेले चारशे. १७ फेऱ्यांचे ६,८००. खऱ्यातून वजा कर. वर्षाला १५,४०० रुपयांचं खोटं तू सांभाळते आहेस, तेही अशा माणसापुढे, जो तुझ्याच शब्दांत ‘भांडत नाही’. तो एक वाक्य बोलला आणि तू त्यावर कायमचा पडदा टाकलास. फीचं ते वाक्य टोमणा होतं, की त्याला खरंच फीची काळजी होती, हे त्या दिवशी विचारलं असतंस तर दोन मिनिटांत कळलं असतं.

आणि मला त्याच्यापेक्षा मुलीचं जास्त वाटतं. ती तुझ्याबरोबर स्टुडिओत बसते. काउंटरवर बाराशे झाले हे तिने ऐकलेलं असतं, तू फोन स्कॅनरपुढे धरतेस ते पाहिलेलं असतं, आणि घरी आल्यावर बाबांना ‘चारशे’ हेही तिच्या कानावर पडतं. आठवीतल्या मुलीला वजाबाकी येते. नखं लावावीत की नाही हे ती मोठी झाल्यावर तिचं तीच ठरवेल. पण बायकांनी आपल्या आवडीची किंमत घरी अर्धी करून सांगायची असते हे ती आत्ता शिकते आहे, तुझ्याकडून.

म्हणून या महिन्याचा पगार झाला की नवऱ्याला एकट्याला गाठ. सासूबाई समोर नकोत, टीव्ही चालू नको. सांग, ‘मी चारशे सांगत होते, खरे बाराशे होतात. वर्षाचे २२,२००. माझ्या आठ हजारांतून करते आणि पुढेही करणार आहे.’ त्याच्या फोनचा विषय त्या दिवशी काढू नकोस. मला कळतंय, जिभेच्या टोकावर आहे. पण तू खोटं कबूल करते आहेस त्याच बैठकीत त्याचा फोन काढलास की तो जमाखर्च होतो, कबुली राहत नाही. फोन पुढच्या महिन्यात काढ. तेव्हा हेही ठरवा की घरखर्च आणि बचत बाजूला काढल्यावर दोघांनी आपापल्या नावावर एक रक्कम ठेवायची आणि तिचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही. त्यात त्याचे हप्ते बसवायचे की तुझी नखं, ज्याचं त्याने बघावं.

त्याला पटवताना मात्र ‘मला आत्मविश्वास येतो’, ‘स्वतःसाठी वेळ’, ‘मी हे डिझर्व्ह करते’ असलं काही म्हणू नकोस. ही स्टुडिओच्या जाहिरातीतली वाक्यं आहेत, तुझ्या पत्रात त्यांतलं एकही नव्हतं आणि म्हणून तुझं पत्र मला आवडलं. तू लिहिलंस, हात तिच्या ताब्यात असतात, फोन उचलता येत नाही, मला ते आवडतं. बस झालं. यावर एखादी शहाणी बाई तुला सांगेल की तुला नखं नकोतच, तुला निवांतपणा हवाय, तो कमाटीबागेत फुकट मिळतो. ऐकू नकोस. कमाटीबागेत फोन वाजतो आणि तू उचलतेस. शिवाय नखं चांगली दिसतात, फळ्यावर लिहिताना तुझं तुलाच बरं वाटतं, हे कारण लहान आहे म्हणून खोटं ठरत नाही. पुरुषांना घड्याळ का आवडतं असं कोणी खोदून विचारत नाही.

सासूबाईंचे दोन आक्षेप आहेत, ते वेगवेगळे धर. सोनं उरतं, नखं उरत नाहीत, हे खरंच आहे. पण मंगळागौरीचा गजरा तरी कुठे उरतो? संध्याकाळी घेतला, सकाळी तुळशीत. त्यांनी जन्मभर घेतलेल्या गजऱ्यांचा हिशेब कोणी मागितला नाही, कारण गजरा घरच्या रीतीत बसत होता. बांगड्या भरायला कासार दारी यायचा, तेव्हाही दोन डझनांतल्या चार बांगड्या पहिल्याच आठवड्यात फुटायच्या. बायकांच्या हातावर पैसे खर्चायला आपल्या घरांनी कधी ना म्हटलेलं नाही. फरक एवढाच की तो खर्च सणावारी, घराच्या नावाने, चारचौघींत व्हायचा. तू एकटी जातेस, साध्या मंगळवारी जातेस, आणि पैसे तुझे. त्यांना खुपतं ते बहुधा हे. त्यांच्याशी वाद घालून ते पटणार नाही, मी तुला खोटी आशा लावत नाही.

मोदकांच्या वेळचा आक्षेप मात्र त्यांचा बरोबर आहे, आणि ओट्यापासून उठवलं याचा राग तू गिळ. लांब नखांखाली पीठ, तेल, कच्च्या भाजीची माती बसते, साबणाने हात धुतले तरी निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २००९ ची हातांच्या स्वच्छतेची मार्गदर्शिका रुग्णांना हाताळणाऱ्यांना कृत्रिम नखं लावू नका, स्वतःची नखंही अर्ध्या सेंटिमीटरच्या आत ठेवा, असं सांगते. तुझं स्वयंपाकघर म्हणजे दवाखाना नाही, पण कारण तेच आहे. आणि उकडीच्या मोदकाच्या कळ्या काढायच्या असतात बोटांच्या पेरांनी. एवढ्या नखांनी पारी फाटणारच, त्यांनी उठवलं नसतं तर मोदकांनी उठवलं असतं. तेव्हा एक्स्टेन्शन घालायचीच तर आखूड घाल, बोटाच्या पुढे जेमतेम येतील इतकी. नखांचा ब्रश मोरीत ठेव. आणि फुलके गॅसवर हाताने उलटायची सवय असेल तर ती आजच्या आज सोड, चिमटा घे. ॲक्रिलिकचं नख म्हणजे प्लास्टिकच, ते पेट घेतं. नखं करून आल्या आल्या, बोटांना रिमूव्हरचा वास येत असताना, शेगडीजवळ जायचंच नाही.

आता अपायाचं. बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. म्हणूनच तीन आठवड्यांत मुळाशी तुला फट दिसते आणि तू रिफिलला पळतेस. पूर्ण नख नवं यायला सहाएक महिने लागतात. म्हणजे घासून एकदा पातळ केलेलं नख अर्धं वर्ष तू घेऊन फिरणार. बहुतेक बिघाड इथेच होतो, नखावर चढवतात त्या जेलच्या लेपाने कमी आणि घासण्याने जास्त. ते विजेवर फिरणारं यंत्र नखावर ऊब किंवा चुणचुण करायला लागलं तर ‘थांब’ म्हण. लाजू नकोस. मुळाशी असलेली ती पातळ कातडी, क्युटिकल, कापू द्यायची नाही, ती आत जंतू जाऊ नयेत म्हणून असते. नुसती मागे सारली तरी नख नीट दिसतं. आणि घरी बसल्या बसल्या निघालेलं जेल दातांनी उचकटायचं नाही, त्याबरोबर तुझ्या नखाचे पापुद्रे येतात.

मला जास्त भीती वाटते ती ॲलर्जीची. स्टुडिओतल्या अतिनील (यूव्ही) दिव्याखाली घट्ट होण्याआधी जेल म्हणजे ॲक्रिलेट जातीचं कच्चं रसायन असतं. ते नखावर राहिलं तर ठीक, कातडीला वारंवार लागलं तर एखादीला त्याची ॲलर्जी बसते, आणि बसली की सहसा जन्माची. बोटांच्या टोकांना खाज, भेगा, आणि गंमत म्हणजे कधी कधी पापण्यांवर पुरळ, कारण आपण सारखा डोळ्यांना हात लावतो. याच जातीची रसायनं दातांच्या सिमेंटमध्येही असतात, म्हणजे आज नखांवरून लागलेली ॲलर्जी उद्या दातांच्या डॉक्टरकडे आडवी येऊ शकते. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता, आणि घरी स्वतः लावायच्या किटपासून विशेष जपा असं सांगितलं होतं. तेव्हा पैसे वाचवायला ऑनलाइन किट मागवून घरी प्रयोग करू नकोस. इथे नऊशे स्वस्त आहेत.

जेल घट्ट करणाऱ्या त्या दिव्याबद्दल तू काहीबाही वाचलं असशील. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी असे दिवे प्रयोगशाळेतल्या पेशींवर धरले, तर पेशी मेल्या आणि उरलेल्यांच्या डीएनएवर परिणाम दिसला. त्या बशीतल्या पेशी होत्या, माणसाचा हात नव्हता; तेवढ्यावरून कर्करोग होतो असं म्हणता येत नाही. पण हाताला अर्धा तास आधी सनस्क्रीन चोपडायला किंवा बोटांची टोकं कापलेले हातमोजे घालायला काय जातं? दुसरी बातमी, युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत टीपीओ नावाच्या रसायनावर बंदी घातली. जेल दिव्याखाली घट्ट व्हावं म्हणून ते वापरतात, आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांवरून ते प्रजननाला अपायकारक वर्गात टाकलं गेलं. टीपीओ नसलेली जेलं मिळतात. स्टुडिओत बाटली मागून बघ. बाटली दाखवायला खळखळ करणारं दुकान सोडून दे.

एक्स्टेन्शन एका बाजूने सुटून खाली पाणी शिरलं आणि नख हिरवट दिसायला लागलं, तर त्यावर गडद रंग लावून झाकायचं नाही. सगळं काढून टाक आणि कातडीच्या डॉक्टरला दाखव. सयाजी हॉस्पिटलची ओपीडी आहे, रांग लागेल पण खिसा कापला जाणार नाही. आणि वर्षातून एकदा दोन महिने नखं मोकळी ठेव. ‘नखांना श्वास घ्यायला’ वगैरे नाही, नख मेलेलंच असतं, ते श्वास घेत नाही. तुझी खरी नखं आता कशी आहेत हे तुला दिसावं म्हणून.

बिल मागतेस ना? २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनच्या सेवांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय. ज्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे त्या लहान दुकानदाराला नोंदणी करावी लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर त्याने कर लावायचाच नाही. बिलावर अजून १८ टक्के दिसत असतील तर तिथेच विचार. आपल्याकडे भाजीच्या लारीवर दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या बायका पारलरच्या काउंटरवर एकदम खानदानी होतात, हे मला कधी समजलेलं नाही.

ज्या मुलीच्या ताब्यात तुझे हात असतात तिच्याविषयी तू एवढंच लिहिलंस. तुझी नखं तीन आठवड्यांतून दीड तास घासली जातात, ती दिवसभर तो भुगा नाकात घेते. मास्क लावते का? टेबलाला भुगा ओढणारा पंखा आहे का? बघून ये. अमेरिकेत हा धंदा असा सर्वसाधारण बायकांच्या आवाक्यात आला त्यामागे अशाच बायका होत्या. १९७५ मध्ये व्हिएतनाममधून आलेल्या निर्वासित बायकांच्या छावणीत टिपी हेड्रन नावाची नटी जायची, बायकांना तिची नखं फार आवडली, म्हणून तिने आपली मॅनिक्युअरवालीच तिथे नेली आणि वीस जणींना काम शिकवलं. आज तिथल्या नेल सलूनच्या धंद्यात व्हिएतनामी कुटुंबं पुढे आहेत. पूर्वी पैसेवाल्या बाईच्या हौसेचं काम त्यांनी स्वस्त केलं, मेहनतीवर. तू टिप देत असशील तर तिच्या हातात दे, काउंटरवर नको.

मुलीचं सांगते. एक्स्टेन्शन नाही. आठवीत नाही. वर सांगितलेली ॲलर्जी जन्माची असते, ती तेराव्या वर्षी कशाला ओढवून घ्यायची? शिवाय आपल्या बडोद्याचा गरबा टाळ्यांचा. नऊ रात्री तीन-तीन तास टाळ्या, मधेच कोणाची दांडी बोटावर. एक्स्टेन्शन तुटतं तेव्हा एकटं तुटत नाही, खालचं नखही उचलून घेतं, आणि मग दसऱ्याला पोर बोट फडक्यात गुंडाळून बसते. तिला साधं नेलपॉलिश लावू दे, नऊ दिवस नऊ रंग लावू दे, शाळेत जाताना पुसून जाईल. मेंदी काढू दे, फक्त ती ‘पाच मिनिटांत काळी’ म्हणून विकतात त्या कोनाची नको. तिच्यात केसांच्या डायचं रसायन घातलेलं असू शकतं आणि हातावर फोड येतात. ती म्हणेल, ‘तू लावतेस मग मी का नाही?’ सरळ सांग, ‘मी ४१ ची आहे आणि माझ्या पगारातून लावते. तू कमवायला लागलीस की तुझं तू ठरव.’ हे वाक्य तुला ताठ मानेने म्हणता यायला हवं असेल तर चारशेचं प्रकरण आधी निपटायला लागेल. तो क्रम चुकवू नकोस.

पॅकेज घेऊ नकोस. ९,००० चं काम ७,५०० त म्हणजे १,५०० वाचले असं ते म्हणतात. पण दहा रिफिल म्हणजे तीस आठवडे, सात महिने तू बांधली गेलीस. मधे नख बिघडलं, मोकळं ठेवावंसं वाटलं, स्टुडिओतली ती मुलगी दुसरीकडे गेली, दुकानच बंद झालं, तर पैसे परत मिळवायला तू किती चपला झिजवणार? आणि भरलेले पैसे वसूल करायला म्हणून नको असतानाही जाशील. वाचवायचेच असतील तर नेल आर्ट सोड, वर्षाचे ५,१०० तिथेच वाचतात. किंवा एक्स्टेन्शन सोडून स्वतःच्या नखांवर नुसतं जेल पॉलिश कर, ते स्वस्त पडतं आणि कणीकही मळता येते.

आणि नवरात्रासाठी नखं करायची तर पितृपक्षातच जाऊन ये. घटस्थापनेच्या आदल्या दोन-तीन दिवसांत अल्कापुरीपासून मांजलपुरापर्यंत कुठेही खुर्ची मिळत नाही, मुली घाईत हात मारतात आणि भावही चढलेले असतात. पितृपक्षात दुकानं ओस असतात. सासूबाई त्यावर काय म्हणतील ते मला माहीत आहे, कळवायची गरज नाही.

– मावशी